पांढरे ठिपके

सासऱ्यांनी खुर्चीच्या पाठीवर थाप मारली तेव्हा सहावा फोटो इंटरनेटवर चढता चढता एकाहत्तर टक्क्यांवर अडकला होता.

"मघाशीही एकाहत्तरच होते."

"मघाशी सत्तर होते," मान न वळवता ती म्हणाली.

"एवढ्या वेळात मी अख्खा रोल धुऊन वाळत घालायचो."

"मग घाला. इथं उभं राहून टक्के वाढत नाहीत."

ते हलले नाहीत. खुर्चीमागे उभं राहून नाकाने मोठमोठा श्वास घेत राहिले. सहा वर्षांत तिला त्या श्वासाची इतकी सवय झाली होती की पुढचं वाक्य शिवीचं येणार की टोमण्याचं, हे तिला आधीच कळायचं. आज टोमण्याचं होतं.

"सूनबाई फार शिकलेल्या. यंत्रच अडाणी मिळालं त्यांना."

तिचं टेबल घराच्या बोळात होतं. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला न्हाणीघराचं दार, आणि मध्ये ती. ज्याला आंघोळीला जायचं असेल त्याने तिच्या खुर्चीला धक्का देऊनच जायचं, असा जणू नियम होता. लग्नाआधी ती एका छापखान्यात फोटो दुरुस्तीचं काम करायची. आता तेच घरून करायची. फाटलेले, बुरशी लागलेले, कुणाच्या तरी पणजोबांचे अर्धे मिटलेले चेहरे लोक घेऊन यायचे आणि ती त्यांना फ्रिजपाशी उभं करून बोलायची. पुढची खोली मात्र कुलूपबंद होती. ती सासऱ्यांची जुनी डार्करूम. रुंद ओटा, दोन बेसिन, भिंतभर कपाट, आणि बाहेरून यायला वेगळं दार. सासूबाई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, तिथं कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

त्या खोलीसाठीच हा सगळा खटाटोप चालला होता. सासऱ्यांनी उभ्या हयातीत पासपोर्टचे फोटो काढून पोट भरलं आणि सुट्टीच्या दिवशी मोठा कॅमेरा खांद्यावर टाकून माळरानं, मिठागरं, आटलेली तळी, दगडाच्या खाणी टिपल्या. त्यांचे प्रिंट इंटरनेटवर विकायला ठेवायचे हे खूळ त्यांच्या डोक्यात कुणा जुन्या गिऱ्हाइकाने भरलं. नवऱ्याच्या साक्षीने करार झाला होता: नऊ फोटो तयार करून चढवायचे, की डार्करूमची किल्ली तिची. नवरा तेव्हा "तुमचं तुम्ही बघा, मला मध्ये घेऊ नका" म्हणून जो कामाला गेला, तो अजूनही मनाने तिथंच होता.

पहिल्या खेपेला फोटो परत आले होते. विकणाऱ्यांचं दोन ओळींचं पत्र होतं: चित्रांवर धूळ आणि ओरखडे दिसतात, स्वच्छ करून तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा पाठवावीत, त्यानंतर वर्षभर विचार होणार नाही. त्या दिवशी सासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं. निगेटिव्ह त्यांनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर फेकलेल्या, धूळ त्यांच्या माळ्यावरची, पण खापर फुटलं तिच्या डोक्यावर.

"एकही पांढरा ठिपका राहता कामा नये," ते ओरडले होते. "एकही दिसला, तर माझ्याशी गाठ आहे!"

निगेटिव्हवर धुळीचा कण असला की फोटोत तो पांढरा उमटतो. एकेका फोटोत असे हजारभर. तीन आठवडे ती ते वेचत बसली होती. चित्र मोठं करायचं, वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तांदूळ निवडावेत तसा एकेक इंच पुढे सरकायचं. दगड, झुडुपं, भिंती तिने हाताने साफ केल्या. आभाळ आणि सपाट जमीन जिथं नुसतीच पसरलेली होती तिथं तिने संगणकालाच सांगितलं, की जे जे बारीक आणि पांढरं दिसेल ते भरून काढ. डोळ्यांची पार वाट लागली, पण ठिपका म्हणून राहिला नाही.

इंटरनेटची लाइन म्हणाल तर मरतुकडी. घर रस्त्याच्या शेवटाला, वायर तीन गच्च्यांवरून लोंबकळत आलेली. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत ती कशीबशी चालायची. गल्लीतली मुलं शाळेतून घरी आली आणि जो तो फोन घेऊन बसला की लाइनचा जीवच जायचा. भिंतभर प्रिंट काढायचा तर फाइलही तशीच दांडगी लागते. एक फोटो चढायला पाऊण तास. मध्येच तुटलं तर नव्व्याण्णव टक्क्यांवरून पुन्हा शून्य. तिने घरातले सगळे फोन बंद करायला लावले होते. सासऱ्यांनी दोनदा "तापलंय" म्हणत राउटर बंद केला होता, त्यामुळे त्याच्या बटणावर तिने चिकटपट्टीही मारली होती. खरं तापलेलं कोण होतं ते सांगायला नकोच.

"गेलेले दाखव," सासरे म्हणाले.

"चढून झाल्यावर सगळे एकदमच बघा ना."

"माझे फोटो आहेत. मला बघायला तुझी परवानगी लागते?"

तिने पहिला उघडला. सासऱ्यांनी खिशातून भिंग काढलं आणि सरळ काचेला लावलं, निगेटिव्हला लावायचे तसं. तिला हसू आलं, पण तिने ते गिळलं. मिठागराचा फोटो होता. काळसर चिखलाचा पट्टा क्षितिजापर्यंत गेलेला, वर राखाडी आभाळ, डाव्या हाताला लांबवर वीटभट्टीचं धुराडं. त्या फोटोवर तिचे चार दिवस गेले होते आणि तो सुरेख झाला होता, हे तिचं तिलाही माहीत होतं.

भिंग काचेवर फिरलं. उजवीकडे गेलं, परत आलं. पुन्हा गेलं.

"कुठाय ती?"

"कोण?"

"कोण काय कोण! इथं उभी होती ती. इथं!" त्यांनी बोटाने काच ठोकली. "पुसलीस तू तिला. माझ्या बायकोला पुसून टाकलंस!"

तिला काही उलगडेना. सासरे ओरडत होते आणि त्या ओरडण्यातून एकेक गोष्ट बाहेर पडत होती. मोकळं रान किती मोठं आहे ते बघणाऱ्याला कळायला हवं, म्हणून चित्रात एक माणूस लागतो. मापाला. ते माप म्हणजे सासूबाई. सासरे कॅमेरा मांडायचे आणि सासूबाईंना चालत पाठवायचे, अर्धा मैल, मैलभर. काळ्या जमिनीवर दिसावं म्हणून नखशिखांत पांढरे कपडे. सासऱ्यांनी पत्र्याचे डबे बनवणाऱ्याकडून एक भोंगा करून घेतला होता आणि त्यातून ते हाका मारायचे. अजून लांब, अजून लांब, डावीकडे, तिथंच, हलू नको.

"पंचवीस वर्षं आली माझ्याबरोबर! कधी पाय दुखले म्हणाली नाही! आणि तू तिची धूळ केलीस!"

"तुम्हीच म्हणालात एकही पांढरा ठिपका नको."

"ठिपका? तो ठिपका आहे?"

"मला काय माहीत, बाबा? कधी सांगितलंत? तीन आठवडे मागे उभं राहून मानेवर श्वास सोडलात, त्यात एकदा सांगायचं होतं, की इथं आई उभ्या आहेत!"

त्यांचा तिळपापड झाला. चढलेले सगळे काढ, म्हणाले. तिच्याशिवाय एकही फोटो जायचा नाही. आणि नाही गेले तर खोलीचं नावही काढायचं नाही. मग ते आपल्या खोलीत गेले आणि दार आपटलं. आतून, बंद ठेवलेला फोन चालू करून, कुठल्या तरी भावाला त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकवलं, इतक्या मोठ्याने की फोनची गरज नव्हती.

तिने चढलेलं काही काढलं नाही. उरलेले तीनही, पुसलेलेच, रांगेत लावून दिले. एकदा सुरू केलेलं काम मोडायचं नाही, ही तिची छापखान्यातली सवय. दुपारी एकपर्यंत नऊच्या नऊ चढले. पाठवायचं बटण दाबलं असतं तर तिथल्या तिथं विषय संपला असता. तिने ते दाबलं नाही, कारण सासरे दाबू देणार नाहीत हे उघड होतं, आणि कारण त्या शिव्यांमधला एक शब्द तिला टोचत होता. धूळ.

मूळ स्कॅन तिने वेगळ्या डिस्कवर ठेवले होते. त्यांना ती कधी हात लावत नसे. जेवण झाल्यावर तिने मिठागराचा मूळ फोटो काढला, सासऱ्यांनी बोट ठेवलं होतं ती जागा शोधली, आणि चित्र मोठं करत गेली. पांढरा ठिपका आधी तीळ झाला, मग काडी झाली, मग माणूस. निगेटिव्ह मोठी होती आणि कॅमेऱ्याचं भिंग चांगलं होतं. सासऱ्यांच्या कामाला नावं ठेवायला जागा नव्हती. पाय दिसत होते, कमरेची रेघ दिसत होती. चेहरा नव्हता. पण हात दिसत होते. दोन्ही कोपरं बाजूंना बाहेर आलेली, आणि तळहात डोक्याच्या दोन बाजूंना दाबून धरलेले.

तिने दुसरा फोटो उघडला. खाणीचा. सासूबाई तळाशी, पाठमोऱ्या. कोपरं बाहेर. तिसरा, आटलेलं तळं. कोपरं बाहेर. चौथ्यात त्या खाली बसल्या होत्या, गुडघे जवळ घेऊन, आणि तशाही त्यांनी कान झाकलेले होते. ती एकामागून एक उघडत गेली. नऊही फोटोंत सासूबाई त्या भल्यामोठ्या मोकळ्या रानात कान दाबून उभ्या होत्या, आणि कॅमेऱ्यामागे एक माणूस पत्र्याच्या भोंग्यातून ओरडत होता.

तिला आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. या माणसाला एका झटक्यात गप्प करता येईल असं काही तरी आयतं हातात आलं होतं. ते त्यांच्या तोंडावर कसं फेकायचं, कधी, नवरा समोर असताना की नसताना, याचा तिने चहा उकळेपर्यंत विचार केला. मग चहा गाळताना तिला सासूबाई आठवल्या. लग्नानंतरची दोन वर्षं त्या इथं होत्या. सासऱ्यांचा आवाज चढला की त्या उठून न्हाणीघरात जायच्या आणि नळ सोडायच्या. बादली भरून वाहायची तरी बंद करायच्या नाहीत. तिला वाटायचं, म्हातारपणी लक्ष राहत नसेल. एकदा तर ती स्वतःच त्यांना बोलली होती, आई, पाणी किती वाया घालवता. सासूबाई "हो गं" म्हणाल्या होत्या. ते आठवलं आणि तिने गाळलेला चहा तसाच ओतून दिला.

संध्याकाळपर्यंत तिने नऊही फोटोंत सासूबाईंना परत जागेवर ठेवलं. मूळ स्कॅनमधून नेमका तेवढाच तुकडा उचलायचा, स्वच्छ केलेल्या चित्रात बसवायचा, भोवतालच्या फिल्मचा रवाळ दाणा जुळवायचा. त्यांच्या आजूबाजूचे धुळीचे खरे कण तिने एकेक करून काढले. इतकं जपून काम तिने कधीच केलं नव्हतं.

नवरा आल्यावर त्याने दोघांच्या तोंडांकडे बघितलं आणि ताट घेऊन तो गच्चीवर गेला.

गुरुवारी पहाटे सहाला तिने पहिला फोटो लावला. लाइन दोनदा तुटली, एकदा चाळीसवर, एकदा सत्त्याऐंशीवर. सासरे दर अर्ध्या तासाने येऊन घड्याळ दाखवत होते. घड्याळ तिच्याही समोर होतं, पण त्यांनी दाखवल्याशिवाय वेळ पुढे सरकत नसावी. सव्वा वाजता नववा फोटो, मिठागराचा, सुरू झाला. दोनला लाइन मरणार. म्हणजे एकदाही तुटून चालणार नव्हतं.

"आहे ना ती त्यात?" सासऱ्यांनी विचारलं.

"आहेत."

"तू सांगशील आणि मी ऐकेन? दाखव."

"छोट्यात दिसतायत बघा. तो पांढरा."

"मोठं कर."

"कशाला? प्रिंटमध्ये एवढंच दिसणार."

"मोठं कर म्हणतो ना! काय चिकटवलंयस तिच्या जागी? टाचणी?"

कालपासून हा क्षण ती टाळत होती की त्याची वाट बघत होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. टाचणी हा शब्द मात्र तिच्या डोक्यात गेला. तिने चित्र मोठं केलं. तीळ, काडी, माणूस. आणि खुर्ची थोडी बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.

सासरे वाकले. भिंग काढायला खिशाकडे गेलेला हात तिथंच राहिला.

"डोक्याचा रुमाल धरलाय," ते शेवटी म्हणाले. "वारा फार असायचा तिथं."

तिने चित्र डावीकडे सरकवलं आणि वीटभट्टीचं धुराडं समोर आणलं. धूर सरळ वर गेला होता, खांब रोवावा तसा.

"वारा असला की तुम्ही कॅमेरा उघडतच नसायचात, बाबा. हजार वेळा सांगितलंय तुम्ही. कॅमेरा थरथरतो म्हणून."

"बाकीच्यांत?"

तिने बाकीचे उघडले. एकेक, मोठे करून. खाण, तळं, बांध. बसलेल्या सासूबाईंपाशी ती थोडी जास्त थांबली. ते मुद्दाम केलं हे तिलाही कळलं आणि त्यांनाही.

सासरे सरळ उभे राहिले. तोंड लाल झालं होतं. आता घर डोक्यावर घेणार, म्हणून तिने खांदे आवळून धरले. पण त्यांनी कमरेला लावलेला किल्ल्यांचा जुडगा काढला, त्यातली एक पितळी किल्ली ओढून सोडवली आणि तिच्या कीबोर्डवर टाकली.

"कालचे पुसलेले चढलेत ना? नऊही?"

"चढलेत."

"तेच पाठव. हे सगळे काढून टाक. घे, खोली तुझी. आजपासून."

किल्ली तिच्या बोटांपाशी पडली होती. रुंद ओटा, दोन बेसिन, बाहेरून वेगळं दार. लोक बाकावर बसून बोलतील, फ्रिजपाशी उभे राहणार नाहीत. फक्त यादीत आजच्या फोटोंपुढच्या खुणा काढून कालच्या नऊंपुढे करायच्या आणि एक बटण दाबायचं. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. विकत घेणाऱ्यांना मोकळं रानच हवं होतं, आणि सासूबाई काही विचारायला येणार नव्हत्या.

"काल तुम्ही म्हणालात, त्यांच्याशिवाय एकही जायचा नाही."

"काल म्हणालो. आज हे म्हणतो. माझे फोटो आहेत."

"एकदा मी त्यांना न कळत पुसलं," ती म्हणाली. "आता कळून पुसणार नाही."

"लोक बघतील!"

"बघू देत."

"लोकांच्या भिंतींवर लागेल ते! माझ्या नावानं!"

"हो. तुमच्याच नावानं."

त्यांनी झडप घालून किल्ली उचलली आणि जुडग्यात न लावता सदऱ्याच्या खिशात कोंबली.

"मग बस इथंच, न्हाणीच्या दारात. जन्मभर बस. मी मेलो तरी खोली तुला मिळायची नाही, लिहून ठेवतो."

"ठेवा."

तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. खोली गेली. इतक्या सहज गेली की तिला रडूच फुटणार होतं, आणि ते या माणसासमोर फुटू द्यायचं नाही एवढंच तिने ठरवलं. पडद्यावर अठरा टक्के झाले होते.

सासरे न्हाणीपाशी ठेवलेलं स्टूल ओढून राउटरखाली बसले. हात वर करून त्यांनी बटणावरची चिकटपट्टी नखाने उचकटली आणि बोट बटणावर ठेवलं.

"बंद करू?"

"करा. पाच वाजता तुमचं वर्ष जाईल. माझं जायचं ते गेलं."

बोट दाबलं गेलं नाही. चोवीस. एकतीस. लाइन मध्येच थबकली की दोघंही पडद्याकडे बघायचे आणि ती पुढे सरकली की दोघंही नजर काढून घ्यायचे. म्हाताऱ्याचा हात वर धरून धरून अवघडला असणार, पण त्यांनी तो खाली घेतला नाही. अठ्ठेचाळीसला कुठल्या तरी गच्चीवर वायर हलली असावी, आकडा चांगला तीन मिनिटं हलला नाही. ती आकड्याकडे बघत राहिली. सासरेही बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर आकड्यावरून बाजूच्या चित्रावर गेली. कान झाकलेल्या सासूबाई अजून तिथं मोठ्या करून ठेवलेल्या होत्या. ते छोटं करायचं दोघांपैकी कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

बासष्टला त्यांचे ओठ हलले. तिला ऐकू आलं नाही. सहा वर्षांत या घरात सासरे बोलले आणि तिला ऐकू आलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

"काय म्हणालात?"

ते पडद्याकडेच बघत होते.

"एवढ्या लांब," ते म्हणाले, "आवाज जात असेल का गं माझा?"

नाही म्हणणं सोपं होतं. आणि हो म्हणून वर कालपासून साठवलेलं सगळं त्यांना ऐकवणं, नळाचं, बादलीचं, तेही सोपं होतं. तिने त्यातलं काहीच केलं नाही.

"जात असेल, बाबा."

त्यांनी मान हलवली, हिशोब जुळला की हलवतात तशी. मग वर धरलेला हात हळूहळू खाली आणला आणि दुसऱ्या हाताने त्याचं मनगट चोळत बसले.

"मग जाऊ दे तिला," ते म्हणाले, पुन्हा इतक्या हळू की तिने ते ऐकलं नाही, ओठांवरून वाचलं.

चौसष्ट झाले होते. अजून पंधरा-वीस मिनिटं लागणार होती.